मारबतीकडे पाठ करून उभी असलेली बाई

इतवारीत, भांड्यांच्या दुकानांची ओळ जिथे संपते तिथे एक फोटो स्टुडिओ होता. आणीबाणीच्या चार-पाच वर्षं आधी मी तिथे रिटचिंगच्या कामाला लागले. हे काम आता कोणी करत नाही, म्हणून थोडं सांगते. निगेटिव्ह तिरप्या काचेवर ठेवायची, मागून उजेड येऊ द्यायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरायचे. काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक असतो. त्यावर शिसं चढवलं की कागदावर तिथे स्वच्छ कातडी उमटते. देवीचे व्रण, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्या पेन्सिलीने जायचं. माझा हात हलका होता, म्हणून मालकांनी मला समोरच्या खिडकीशी बसवलं होतं, कारण दुकानात उजेड तेवढाच. ती खिडकी म्हणजे शोकेस होती. रस्त्याच्या बाजूला काच, काचेमागे नमुन्याचे फोटो, आणि त्या फोटोंच्या मागे मी.

मालकांचा जीव पोर्ट्रेटमध्ये होता. एका गिऱ्हाइकाला ते पाऊण तास बसवून ठेवत. हनुवटी दोन बोटांनी वर करत, खांदा वळवत, दिवा इंचभर सरकवत. ते म्हणत की माणूस स्वतःचा चेहरा आपल्या हवाली करायला येतो, तेव्हा त्याच्या घरच्यांना तो भिंतीवर लावताना बरं वाटलं पाहिजे.

त्यांच्या अगदी उलट स्वभावाचे एक गृहस्थ आमच्याकडे फिल्मचे रोल धुऊन घ्यायला येत. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. सुट्टीच्या दिवशी कापडी पिशवीत लहान कॅमेरा घेऊन ते बाजारात फिरायचे. बंडी ओढणारे, हातगाडीखाली झोपलेले, तराजूत वजन टाकणारे, कोणालाही न विचारता फोटो काढायचे. फोटो निघतोय असं कळलं की माणूस निघून जातो आणि नुसता चेहरा उरतो, असं त्यांचं म्हणणं. मालक याला चोरी म्हणत. मास्तर हसून म्हणत की तुमच्या शोकेसमधली सगळी माणसं मला तेराव्याला आल्यासारखी वाटतात. भांडण असं कधी नव्हतं. मास्तरांच्या फिल्म धुऊन झाल्या की त्यांचे काँटॅक्ट काढायचं काम, म्हणजे सगळ्या चौकटी एका कागदावर आगपेटीच्या चित्रांएवढ्या छापायचं काम, माझ्याकडे असे.

मागच्या गल्लीतल्या एका घरातली नवी सून फोटोसाठी आली, ते या दोघांचं असं चालू असतानाच. लग्न होऊन तीन-चार महिने झाले असतील. सोबत सासू आणि दीर. माहेर रामटेककडच्या एका खेड्यातलं, धानाच्या शेतीचं. ती खुर्चीवर बसली आणि मालकांना तिला काहीच सांगावं लागलं नाही. हनुवटी जिथे ठेवली तिथे राहिली. श्वास धरा म्हणायच्या आधीच तिने तो धरलेला होता. मालकांनी काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून पुन्हा आत घातलं, तरी पापणी हलली नाही. ते खूश झाले. मला मात्र तिच्याकडे फार वेळ बघवेना. फोटो निघायच्या आधीच ती फोटो झाली होती.

तिच्या डाव्या भुवईपासून केसांपर्यंत एक व्रण होता. विळ्यासारखा वळलेला, वरच्या टोकाला दोन फाटे फुटलेला. निघताना सासू मला बाजूला घेऊन म्हणाली, "ते कपाळाचं काढून टाक वं बाई. लोक विचारतात."

मी दीड दिवस तो व्रण भरत होते. भिंगातून पाहिलं की तो एखाद्या वाळलेल्या नाल्यासारखा दिसायचा. काठापासून आत, एकेक रेघ. भरून झाला तेव्हा तिच्या कपाळाचा तेवढा भाग मला माझ्या तळहातासारखा पाठ झाला होता. फोटो न्यायला ती धाकट्या नणंदेबरोबर आली. फोटो हातात घेऊन तिने बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे बघत विचारलं, "छान आहे. कोण आहे ही?"

नणंद हसली. मीही हसले, कारण मला ते माझ्या कामाचं कौतुक वाटलं. ती हसली नव्हती, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

मालकांनी त्या फोटोची मोठी प्रत काढून शोकेसच्या मधोमध ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात ती सून घरातून नाहीशी झाली. दुपारी दळण आणायला गेली आणि परतलीच नाही, असं गल्लीत कळलं. सासरच्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तीत आमचाच फोटो होता. त्यानंतर लोक शोकेसपाशी थांबू लागले. हिला मी स्टेशनवर पाहिलं, हिला कामठीच्या बसमध्ये पाहिलं, असं आत येऊन सांगू लागले. एकाने सांगितलेली बाई उंच असे, दुसऱ्याने सांगितलेली लठ्ठ. एक म्हातारा म्हणाला की ही माझ्या बहिणीसारखी दिसते, आणि तेवढंच सांगून निघून गेला. ज्या चेहऱ्यावर खूणच नाही त्यात कोणालाही कोणीही दिसत होतं. हे माझ्या हाताने झालं आहे, हे मला समजत होतं. पण पोलिसांत सासरच्यांनी कपाळाच्या व्रणाचं सांगितलंच असेल, असं मी स्वतःला समजावत राहिले.

आखाडात शहराबाहेरच्या तलावात एका बाईचं प्रेत सापडलं. पाण्यात बरेच दिवस होतं, चेहरा राहिला नव्हता. नवरा आणि दीर जाऊन आले. अंगकाठी आणि पायातली जोडवी बघून त्यांनी ओळख दिली आणि त्याच दिवशी दहन केलं. दोन दिवसांनी दीर दुकानात आला. तेराव्याला लावायला फोटो मोठा करून हवा होता. मी तीच निगेटिव्ह काढली. तिच्यावरचं माझं शिसं जसंच्या तसं होतं.

तेरावं होऊन गेल्यावर तिची आई आली. गावातल्या एका शेजारणीला घेऊन, पहिल्या बसने. मुलीचे वडील आधीच वारले होते. मुलीचं कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं, राखसुद्धा तिला बघायला मिळाली नव्हती. सासरी फोटो मागितला तर भिंतीवरचा दाखवला, म्हणून ती आमच्याकडे प्रत मागायला आली. मी पाकिटातून एक काढून दिली. तिने फोटो उजेडाकडे धरला, पदराने पुसला, पुन्हा धरला.

"हिची खूण कुठी गेली?" तिने विचारलं.

मी सांगितलं की आम्ही पेन्सिलीने भरतो, सगळ्यांचीच भरतो. लहानपणी ती विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडीवर, पडली होती, टाके घालायला तेव्हा गावात कोणी नव्हतं, असं शेजारीण सांगत होती. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. पोलिसांत तुम्ही व्रणाचं सांगितलं होतं का, असं मी आईला विचारलं. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. तिने फोटो माझ्या टेबलावर पालथा ठेवला. "हे माही पोरगी नोहे," ती म्हणाली. "ठेव तुह्याजवळ." आणि दोघी निघून गेल्या.

मी मालकांना म्हटलं की आता तरी तो फोटो शोकेसमधून काढू या. त्यांच्या हातून इतका चांगला फोटो पुन्हा निघाला नव्हता. त्यांनी तो मधून काढून डाव्या कोपऱ्यात ठेवला.

श्रावण संपला, पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात मारबत निघते. काळी आणि पिवळी, दोन अवाढव्य बाहुल्या, बांबू आणि कागदाच्या. लोक त्यांना गल्ल्यांतून फिरवतात, सगळी रोगराई आणि पीडा घेऊन जा म्हणून ओरडतात आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. त्या दिवशी मी दुकानात होते. दार अर्धं लावलेलं होतं, पण शोकेसची काच झाकलेली नव्हती, आणि मी माझ्या जागेवरून मिरवणूक पाहिली. पिवळीचा हात वरच्या तारेला अडकला आणि कोणीतरी काठीने तो सोडवला, ढोलाने काच थरथरत होती, गुलालासारखं काहीतरी उधळलं गेलं. हे मला आजही स्वच्छ आठवतं.

आठवड्याने मास्तर त्या दिवसाचे तीन रोल घेऊन आले. मी काँटॅक्ट काढले आणि वाळल्यावर भिंग लावून बघत बसले. एका चौकटीवर हात थांबला. मास्तर समोरच्या भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर, थोडं बाजूला उभे असणार. पुढे गर्दी, सगळी डोकी एका दिशेने वळलेली, वर मारबतीचा अर्धा देह. आणि गर्दीच्या पलीकडे, आमच्या शोकेसच्या डाव्या कोपऱ्याशी, रस्त्याकडे पाठ करून एक बाई उभी, गर्दीच्या फटीतून पायांपर्यंत दिसणारी. पदर डोक्यावरून सरकलेला, मान किंचित वळलेली, त्यामुळे डावा गाल आणि कपाळ उघडं. भुवईपासून केसांपर्यंत एक रेघ होती.

मी भिंग ठेवलं, डोळे पुसले, पुन्हा लावलं. मग मास्तरांना म्हटलं की ही चौकट मोठी करून द्या. का ते सांगितलं नाही. त्यांनी डार्करूममध्ये फक्त तेवढा कोपरा मोठा करून आणला, ओलाच. रेघ वरच्या टोकाला फाटलेली होती. दोन फाटे. आखाडात जिला जाळलं ती बाई दीड-दोन महिन्यांनी आमच्या दुकानासमोर उभी राहून स्वतःचा फोटो बघत होती.

"बाई, यात तुम्ही पण आहात," मास्तर म्हणाले.

बाहेर ऊन असलं की काचेत रस्ताच दिसतो, आतलं दिसत नाही. पण तिच्या देहाचं काळं प्रतिबिंब काचेवर पडलं होतं, आणि तेवढ्या काळोखातून आतलं दिसत होतं. त्या काळोखात माझा चेहरा होता. मी मिरवणुकीकडे पाहत नव्हते. मी सरळ तिच्याकडे पाहत होते, हातभर अंतरावरून. माझे ओठ उघडे होते, काहीतरी बोलताना असतात तसे.

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी त्या जागेवर जाऊन बसले, तीच पेन्सिल हातात धरली, मान तशी वळवून पाहिली. तार आठवत होती, काठी आठवत होती, ढोल आठवत होता. ती नव्हती. आपण एखादी गोष्ट विसरतो तेव्हा निदान काहीतरी विसरल्याचं जाणवतं. इथे तसंही काही नव्हतं. माझ्या आठवणीत तिथे नुसती काच होती.

मग मी मास्तरांना सगळं सांगितलं. ही चौकट त्यांना त्या वर्षातली सगळ्यात चांगली वाटली होती आणि ते ती एका दिवाळी अंकाकडे पाठवणार होते. फोटो घेताना त्यांना फक्त एवढंच दिसलं होतं की सगळे एकीकडे बघताहेत आणि एक बाई दुसरीकडे. माणसाला न कळता घेतलेला फोटो खरा असतो, हे ते मला इतकी वर्षं सांगत आले होते. आता त्यांनी प्रिंट उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाले, "ही तर लपून राहिलेली आहे. मी हिला पकडूनच दिलं की." अंकाकडे पाठवायची की नाही हे तिच्या आईने सांगावं, असं ठरलं. पोलिसांकडे किंवा मागच्या गल्लीत जायच्या आधीही आईकडेच जावं, हे मी ठरवलं.

रविवारी मी रामटेकची बस धरली आणि पुढे दोन मैल बांधाबांधाने चालत गेले. धान पोटरीला, कणसं फुटायच्या बेताला आलं होतं, पायाखाली पाणी. आई अंगणात भाजी निवडत बसली होती. मी प्रिंट तिच्या हातात दिली. तिने ती गुडघ्यावर ठेवली. कपाळाकडे तिने पाहिलंही नाही. बोट ठेवलं ते मुलीच्या पायावर. उजवी टाच जमिनीपासून उचललेली होती.

"अशीच उभी राहते ते," ती म्हणाली. "लहानपणापासून."

केव्हाचा फोटो ते मी सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. रडली नाही. नंतर तिचं बोट फोटोतल्या काचेवर गेलं.

"अन् हे कोण पाहून राहिली तिच्याकडे?"

"मी," मी म्हटलं.

"मंग तुले दिसली होती ते."

"मले काहीच आठवत नाही, मावशी." इतक्या वर्षांच्या शहरी बोलण्यानंतर माझ्या तोंडून घरचा शब्द गेला.

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. "तू बोलून राहिली तिच्याशी. काय म्हनलं तुनं तिले?"

तिने पुन्हा विचारलं नाही, पण माझ्या ओठांकडे बघत राहिली, फोटोतल्या नव्हे, खऱ्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं. आत घरात भांड्याचा आवाज झाला. मांजर असेल. आईने तिकडे वळून पाहिलं नाही, आणि मीही पाहिलं नाही. ती मुलगी आत असेल असा विचार मला तिथे बसल्या बसल्या आला, आणि तो खरा आहे की नाही हे कळून घ्यायची मला इच्छा झाली नाही.

शेवटी मी विचारलं की सासरी, पोलिसांत, कुठे कळवायचं का. तिने प्रिंटची घडी घातली, मधोमध, अगदी मुलीच्या आणि माझ्या चेहऱ्यांमधून.

"त्याहीनं जाळली तिले," ती म्हणाली. "जाळलेलीच राहू दे. कोणाले दाखवू नको."

मी कबूल केलं. ती मला बांधापर्यंत सोडायला आली. तिथे तिने माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "पण मंग ते कोण होती वं? जाळली ते? तिचीबी मायच असंल ना कुठी."

परतीच्या बसमध्ये मला फक्त तेवढंच ऐकू येत होतं. जिच्यासाठी मी घाबरत होते ती जिवंत होती. आणि जिच्याबद्दल कोणीच काही विचारलं नव्हतं ती, मी भरलेल्या कपाळाखाली, हार घालून, मागच्या गल्लीतल्या भिंतीवर होती.

मास्तरांनी ती चौकट फिल्ममधून कापली आणि मला दिली. अंकाला त्यांनी दुसरा काहीतरी फोटो पाठवला. दुसऱ्या बाईचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी घरून त्या उन्हाळ्याचे सगळे काँटॅक्ट आणले, बुटाच्या खोक्यात भरून. तलावापाशी त्यावेळी असलेल्या एका ओळखीच्या माणसाला त्यांनी विचारलं होतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की प्रेताच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. आम्ही तीन-चार रविवार सकाळी दुकान उघडून बसलो, एक भिंग त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. बाजारात, बसथांब्यावर, तलावाच्या पायऱ्यांवर, कितीतरी बाया. कोणी पाठमोरी, कोणी हसताना, कोणी कडेवरचं मूल सावरताना. त्यांतली कोणती पुढच्या महिन्यात पाण्यात गेली, हे त्यांच्यापैकी कोणाच्याच चेहऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. आणि फिल्म काळी-पांढरी. हिरवं, लाल, निळं, सगळी लुगडी तीच राखाडी. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मास्तरांनी खोक्याचं झाकण लावलं.

त्यानंतर त्यांची एक नवी सवय मी पाहिली. फोटो घेऊन झाला की ते त्या माणसाजवळ जात आणि नाव, गाव विचारून वहीत लिहीत. लोक संशयाने बघत. काही उत्तर न देताच निघून जात. त्यांचे फोटो पुढे पुढे बिघडले, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, कारण मागाहून विचारायचं आहे हे ठाऊक असलं की बटण दाबतानाच हात बिचकतो. पण विचारणं त्यांनी सोडलं नाही. मीही रंगीत फोटो येऊन आमचं काम बंद होईपर्यंत त्या खिडकीशी बसले. फक्त माझं टेबल मी वळवून घेतलं होतं, उजेड डाव्या खांद्यावरून निगेटिव्हखालच्या आरशात पडेल आणि पाठ काचेकडे राहील असं.